एकेचाळीस पुंगळ्या

पहिल्या एस्टीने तातोबा शिराळ्याहून मिरजेत आला
आणि दुधाच्या किटलीतून पाटावर ओतल्या त्याने
बारा बोरच्या पितळी पुंगळ्या, एकेचाळीस.
"चकाचक केल्यात बघा. कारभारनीनं चिंच लावून घासल्यात,
दोन दिस दुसरं काम न्हाई."

तीच तर चूक, तातोबा.

मळकं पितळ खरं बोलतं.
तपकिरी असेल तर नुसतं वय झालेलं,
काळं असेल तर चुलीच्या धुरात होतं,
हिरवं असेल तर अंगठ्याने पुसून बघायचं,
आणि खाली खड्डा राहिला का, ते नखाने.
पण गुलाबी दिसलं की थांबायचं.
आतलं जस्त निघून गेलेलं असतं,
उरतं ते नुसतं तांब्याचं सोंग,
दमट बिस्किटासारखं.
आणि चिंचही पितळाला गुलाबीच करते रे.
आता मी कसं ओळखू
कुठला रंग तुझ्या बायकोच्या कष्टाचा
आणि कुठला रोगाचा?

राख घेतली. एकेक घासत बसलो.
वरवरची लाली निघून गेली बहुतेकींची.
पाचांची गेली नाही.

"ठेवल्या कुठं होत्यास?"
"गोठ्यात, माचावर. कुनाला कळू नये म्हनून."
मी काहीच बोललो नाही.
गोमुताची वाफ पावसाळाभर पितळात मुरते,
आणि एक दिवस तोंडापाशी उभी चीर जाते,
केसाएवढी. भिंगातूनही कधी दिसते, कधी नाही.

आमचे पणजोबा तलवारींना पाणी द्यायचे.
तलवारी संपल्या, तशी निम्मी गल्ली तारांकडे वळली.
मी दोन्ही करतो. सकाळी तंबोऱ्याची जवारी,
दुपारी बंदुकांचे अडकलेले खटके.
परवाना भिंतीवर आहे, काचेत.
अब्बा पुंगळी शाहाबादी फरशीवर टाकायचे,
वीतभर उंचीवरून, डोळे मिटून.
धड असेल ती गाते. चिरलेली खोकते.

पण माझा उजवा कान एका पुंगळीनेच नेला,
मीच पास केलेली होती ती.
वरचे सूर आता मला लागत नाहीत.
म्हणून नसीमला हाक मारली.
ती भोपळ्याला कागद मारत होती, हात पुसत आली,
भिंतीकडे तोंड करून बसली.

टण्ण. "ही."
टण्ण. "ही पण."
थच्च. "नको."
तातोबा बघतच राहिला,
माझी नववीतली पोरगी त्याच्या डुकरांचं भवितव्य ठरवत होती.
सायकलच्या स्पोकचं टोक वाकवून मी आतून बुडं तपासली,
दोन ठिकाणी टोक अडखळलं.

शेवटची राहिली. बुडावर खिळ्याने मारलेली फुली.
"आबाची ती. ईस-पंचवीस डाव तरी भरली आसंल त्येनं."
टाकली. नसीम गप्प.
परत टाकली.
"कळत नाही, अब्बा."

"शंकाच हाय न्हवं? खातरी कुठं हाय?
भरा की वो. फुली मारून ठिवतो, लागंल तवाच काढतो."

मी ती पक्कडशेगड्यात धरली, शेगडा आवळला.
वाईट पितळ असतं तर तडकलं असतं.
ते तडकलं नाही.
मऊ, सावकाश, मुकाट मिटत गेलं,
जसं फक्त चांगलं पितळ मिटतं.

तातोबाने उचलली. उलटीसुलटी केली.
"चांगली हुती की."
"हो. चांगली होती."
वरच्या खिशात ठेवली त्याने, सुपारीच्या पुडीशेजारी.

पावती केली.
अठ्ठावीस भरायला.
बारा भंगारात.
एक माझ्या नावावर.